बुबुळाचा विषाणूसंसर्ग: मलम, जेल आणि थेंब यांची तुलना व ती वापरण्याची रीत

इंदूरच्या दवा बाजारालगतच्या दुकानात औषधविक्रेता म्हणून बसताना एक प्रश्न मला वारंवार ऐकू येतो. एका डोळ्यावर काळा चष्मा चढवलेले आजोबा बाकावर टेकलेले असतात आणि त्यांची सून चिठ्ठी पुढे करत विचारते, ‘‘काका, डॉक्टरांनी मलम लिहून दिलंय, पण आमच्या नणंदेला हेच झालं होतं तेव्हा जेल दिलं होतं. जेल जास्त चांगलं असतं का?’’ या प्रश्नाचे काउंटरवर दोन मिनिटांत उत्तर देता येत नाही, आणि अर्धवट उत्तर दिले तर डोळ्याचे नुकसान होऊ शकते. म्हणून जे एरवी तुकड्यातुकड्याने सांगतो, ते येथे सलग लिहीत आहे.

बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला कॉर्निया म्हणतात. या पडद्याला विषाणूमुळे जखम होते तेव्हा बहुतेक वेळा त्यामागे हर्पीस सिम्प्लेक्स हा विषाणू असतो. तापानंतर ओठांच्या कडेला बारीक फोड उठवणारा हाच विषाणू. तो बहुधा लहानपणीच शरीरात शिरतो, चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या गाठीत दडून बसतो आणि ताप, कडक ऊन, शस्त्रक्रिया किंवा स्टेरॉइडची औषधे अशा निमित्ताने पुन्हा जागा होतो. आज मिळणारे कोणतेही मलम किंवा गोळी त्याला त्या गाठीतून हुसकावू शकत नाही. औषध केवळ त्याची वाढ रोखते, तेवढ्या अवधीत कॉर्निया आपली जखम भरून काढतो. औषधांकडून काय अपेक्षा धरायची, हे यावरून ठरते.

पहिली पायरी: नेमके काय झाले आहे, हे ठरवून घेणे

औषधांची तुलना निदान पक्के झाल्यावरच करायची असते. लाल डोळा, पाणी येणे, उजेड सहन न होणे आणि काहीतरी टोचते आहे असे वाटणे, ही लक्षणे पाच-सहा वेगवेगळ्या आजारांत सारखीच दिसतात. रंगपंचमीला राजवाड्यावरच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, रंग डोळ्यात गेलेल्या माणसाचा डोळाही असाच लाल होतो, आणि गहू कापताना किंवा मळणी करताना कुसळ लागलेल्या शेतकऱ्याचाही. शेतातल्या जखमेनंतर होणारा बुरशीचा अल्सर तर फारच घातक असतो आणि त्यावर विषाणूविरोधी मलमाचा काडीचाही उपयोग होत नाही.

हर्पीसची शंका बळावणारी काही लक्षणे आहेत. बहुधा एकच डोळा धरतो. दिसण्यात धूसरपणा येतो. पूर्वी त्याच डोळ्याला असेच झाल्याचे रुग्ण सांगतो. डोळा लाल असूनही दुखणे मानाने कमी असू शकते, कारण हा विषाणू कॉर्नियाची संवेदनाच बोथट करतो. नेत्रतज्ज्ञ कापसाचा बारीक धागा बुबुळाला हलकेच लावून ही संवेदना तपासतात. पुढे फ्लुरोसिन नावाचा नारिंगी रंग डोळ्यात घालून स्लिट लॅम्प या डोळे तपासण्याच्या यंत्राच्या निळ्या प्रकाशात पाहिले की झाडाच्या फांद्यांसारखी, टोकांना गाठी असलेली हिरवी रेघ उमटते. तिला डेंड्रिटिक अल्सर म्हणतात. हे मोबाइलच्या टॉर्चने घरी दिसत नाही. म्हणून अशा लक्षणांत शक्यतो त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना डोळा दाखवावा. कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्यांनी लेन्स लगेच काढून ठेवावी आणि ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी, कारण अकँथअमीबा या परजीवीचा संसर्ग सुरुवातीला हुबेहूब हर्पीससारखा दिसतो.

दुसरी पायरी: संसर्ग कोणत्या थरात आहे, हे डॉक्टरांना विचारणे

ही पायरी बहुतेक रुग्णांकडून सुटते, आणि शेजारणीच्या औषधाशी आपल्या औषधाची तुलना करण्याचा सगळा घोळ येथूनच सुरू होतो. संसर्ग कॉर्नियाच्या सर्वांत वरच्या थरात असेल, तर तेथे विषाणू प्रत्यक्ष वाढत असतो आणि डोळ्यात घालायचे विषाणूविरोधी औषध हाच मुख्य उपचार ठरतो. तो मधल्या थरात, म्हणजे स्ट्रोमात, असेल तर नुकसानीचा मोठा वाटा शरीराच्या प्रतिकारशक्तीने उठवलेल्या सुजेचा असतो. तेथे डॉक्टर विषाणूविरोधी औषधाच्या संरक्षणाखाली स्टेरॉइडचे थेंब देतात. सर्वांत आतल्या थराला सूज आली, तरी उपचाराची दिशा साधारण अशीच असते. दोन रुग्णांच्या चिठ्ठीवर ‘हर्पीस’ हा एकच शब्द असला, तरी एकाला जे औषध तारक ठरते तेच दुसऱ्याला मारक ठरू शकते. म्हणून ‘‘डॉक्टरसाहेब, वरच्या थरात आहे की आतल्या?’’ एवढा प्रश्न विचारावा आणि उत्तर कागदावर लिहून घ्यावे.

दोन आजार येथेच बाजूला काढतो. पहिला म्हणजे नागीण. कपाळावर आणि पापणीवर नागिणीचे फोड उठले, विशेषतः नाकाच्या शेंड्यापर्यंत आले, तर डोळ्याला धोका असतो. त्यात मुख्य उपचार तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचा आहे. त्या शक्यतो फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि त्यांची मात्राही हर्पीस सिम्प्लेक्सपेक्षा मोठी असते. अशा वेळी नुसते डोळ्यात मलम घालून वाट पाहणे चुकीचे आहे. दुसरा आजार म्हणजे पावसाळ्यात घरोघरी पसरणारे ‘डोळे येणे’. त्याला बहुधा अॅडिनोव्हायरस कारणीभूत असतो. कधी कधी तो कॉर्नियावरही ठिपके सोडतो, तरी हर्पीसवरचे नेहमीचे औषध अॅसायक्लोव्हिर त्यावर चालत नाही. कारण ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) आधारे हे औषध कामाला लागते, तो विकर अॅडिनोव्हायरसकडे नसतोच.

तिसरी पायरी: औषधांची तुलना

या औषधांचा इतिहास थोडक्यात सांगितला तर आजची निवड समजणे सोपे जाते. विल्यम प्रुसॉफ यांनी १९५९ मध्ये आयडॉक्सयुरिडिन हे द्रव्य तयार केले आणि १९६२ मध्ये हर्बर्ट कॉफमन यांनी ते हर्पीसने जखमी झालेल्या कॉर्नियावर गुणकारी असल्याचे दाखवून दिले. विषाणूवर चालणारे औषध असू शकते, यावर तेव्हा अनेकांचा विश्वास नव्हता. परंतु आयडॉक्सयुरिडिन विषाणू आणि निरोगी पेशी यांत भेद करत नसे. त्यामुळे विषाणू जाई, पण डोळ्याचा पृष्ठभाग खरखरीत होऊन बसे. तुलनात्मक अभ्यासांतही नंतरची औषधे त्यापेक्षा सरस ठरली, म्हणून आता त्याचा विचार करण्याचे कारण नाही. त्यानंतर आलेले व्हिडाराबिनचे मलमही आज व्यवहारात उरलेले नाही.

आता उरली तीन औषधे.

ट्रायफ्लुरिडिनचे १ टक्क्याचे थेंब अमेरिकेत दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. आपल्याकडच्या दुकानांत ते क्वचितच दिसतात. जागेपणी दर दोन तासांनी एक, असे दिवसाला जास्तीत जास्त नऊ थेंब घालावे लागतात, आणि जखम भरल्यावर आणखी सात दिवस दर चार तासांनी. ते निरोगी पेशींतही शिरत असल्यामुळे २१ दिवसांपेक्षा जास्त काळ वापरू नये, असा स्पष्ट इशारा त्यासोबत असतो. बाटली फ्रिजमध्येच, २ ते ८ अंश सेल्सिअसला, ठेवावी लागते. परदेशातल्या नातेवाइकांनी हे औषध पाठवले तर प्रवासात ते थंड राहिले होते का, हे आधी विचारावे. मलमाची धूसरता मात्र थेंबांत नसते, हा त्यांचा खरा फायदा.

अॅसायक्लोव्हिरचे ३ टक्क्यांचे नेत्रमलम आपल्याकडे सर्वाधिक वापरले जाते. ज्यांच्या प्रयोगशाळेत हे औषध घडले त्या गरट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, आणि या औषधाची रचना समजून घेतली की त्याचे मोल कळते. अॅसायक्लोव्हिर स्वतः निष्क्रिय असते. विषाणूचा थायमिडिन कायनेज हा विकर त्याच्यावर पहिला फॉस्फेट चढवतो, तेव्हाच ते जागे होते. म्हणजे ज्या पेशीत विषाणू आहे तेथेच ते मुख्यत्वे काम करते आणि निरोगी पेशी बऱ्याच अंशी सुखरूप राहतात. शिवाय कॉर्निया अखंड असला तरी ते आत, कॉर्नियामागच्या नेत्रजलापर्यंत, पोहोचते. मात्रा दिवसाला पाच वेळा असते, आणि जखम भरल्यावरही निदान तीन दिवस ते चालू ठेवावे लागते. दोष दोन आहेत. मलम घातल्यावर काही वेळ धुरकट दिसते, आणि काहींना बारीक चुरचुर होते किंवा पृष्ठभागावर ठिपक्याठिपक्यांच्या खरचटल्यासारख्या खुणा उमटतात. औषध थांबवल्यावर त्या सहसा जातात.

गॅन्सायक्लोव्हिरचे ०.१५ टक्क्याचे जेल तुलनेने नवे आहे. अमेरिकेत त्याला २००९ मध्ये मान्यता मिळाली. तेही विषाणूच्या विकराने जागे होणारे औषध आहे. सुरुवातीला दिवसाला पाच वेळा आणि जखम भरल्यावर सात दिवस तीन वेळा, असा त्याचा क्रम असतो. जेल पारदर्शक असल्याने ते डोळ्यात पटकन पसरते आणि मलमाच्या मानाने धूसरपणा कमी काळ टिकतो. गाडी चालवून कामावर जाणाऱ्याला किंवा परीक्षा तोंडावर असलेल्या मुलाला हा फरक मोठा वाटतो. किंमत मात्र मलमापेक्षा जास्त पडते.

या तिघांत श्रेष्ठ कोण? वरच्या थरातल्या जखमेसाठी झालेल्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तर ट्रायफ्लुरिडिन, अॅसायक्लोव्हिर आणि गॅन्सायक्लोव्हिर ही जखम भरण्याच्या बाबतीत जवळजवळ सारखीच उतरतात. त्यामुळे सूनबाईंना माझे उत्तर असे असते: नणंदेला जेल दिले म्हणून तिची काळजी अधिक घेतली, असे नाही. डॉक्टरांनी मलम दिले असेल आणि ते सोसत असेल, तर पैसे खर्चून जेलच्या मागे लागू नये. मलमाने डोळा सतत चुरचुरत असेल किंवा धूसरपणामुळे दुपारचा डोस चुकत असेल, तर डॉक्टरांना सांगून जेल मागावे. माझ्या मते पाचच्या पाच वेळा नियमाने घातलेले स्वस्त मलम तीनदा घातलेल्या महाग जेलपेक्षा केव्हाही उजवे. एकाच वेळी दोन्ही घालण्यात मात्र काहीच हशील नाही. त्याने फक्त डोळ्याचा पृष्ठभाग अधिक दुखावतो.

या तुलनेत एक चौथा पर्यायही धरावा लागतो: तोंडाने घ्यायच्या अॅसायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिरच्या गोळ्या. एकट्या राहणाऱ्या, हात थरथरणाऱ्या आजींना दिवसातून पाच वेळा स्वतःच्या डोळ्यात मलम घालणे जमत नाही. काहींच्या डोळ्याला कोणतेच बाह्य औषध सोसत नाही. अशा वेळी डॉक्टर गोळ्या निवडतात, आणि वरच्या थरातल्या जखमेवर त्यांचा गुण बाह्य औषधांच्या तोडीचा येतो. परंतु मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्रा कमी करावी लागते. म्हणून क्रिएटिनिनचा अलीकडचा रिपोर्ट सोबत न्यावा आणि गर्भारपण असेल तर तेही आधीच सांगावे.

चौथी पायरी: दुकानात नळी तपासून घेणे

ही चूक मी स्वतः काउंटरवर होता होता थांबवली आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. नळीतले अॅसायक्लोव्हिर दोन रूपांत मिळते. ३ टक्क्यांचे मलम डोळ्यासाठी असते आणि ५ टक्क्यांचे क्रीम त्वचेसाठी. नळ्या आकाराने सारख्याच असतात, नावही तेच असते, आणि घाईच्या वेळी एकीच्या जागी दुसरी हातात पडू शकते. त्वचेचे क्रीम डोळ्यात कधीही घालायचे नाही; ते डोळ्याला जाळते आणि डोळ्यासाठी लागणारी निर्जंतुक शुद्धताही त्यात नसते. नळीवर ‘नेत्रमलम’ या अर्थाचा शब्द आणि ३ टक्के हा आकडा, दोन्ही वाचूनच ती पिशवीत टाकावी. अक्षर बारीक असेल तर विक्रेत्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे. असे विचारणाऱ्या ग्राहकाचा मला कधीच राग येत नाही.

मुदतीची तारीख आणि साठवणीचे तापमानही पाहावे. लेबलवर बहुधा २५ किंवा ३० अंशांखाली ठेवण्याची सूचना असते आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. नळी स्कूटरच्या डिक्कीत किंवा खिडकीच्या कट्ट्यावर राहू देऊ नये. नळी उघडल्याची तारीख पेनाने तिच्यावरच लिहावी आणि एक महिन्यानंतर उरलेले औषध टाकून द्यावे. ‘पुढच्या वेळेला होईल’ म्हणून ते कपाटात ठेवू नये.

पाचवी पायरी: औषध घालण्याची रीत

पाच वेळा म्हणजे जागेपणी साधारण दर चार तासांनी. सकाळी ७, ११, दुपारी ३, संध्याकाळी ७ आणि रात्री ११ असे वेळापत्रक कागदावर लिहून आरशाजवळ चिकटवावे आणि प्रत्येक वेळी खूण करावी. आधी साबणाने हात धुवावेत. मान मागे टाकून वर पाहावे, खालची पापणी बोटाने ओढून खोबणी करावी आणि तिच्यात साधारण एक सेंटिमीटर लांबीची मलमाची रेघ सोडावी. जेल असेल तर एक थेंब पुरतो. नळीचे टोक पापणीला, बुबुळाला किंवा बोटाला लागू देऊ नये. मग डोळा हलकेच मिटून मिनिटभर स्वस्थ बसावे, चोळू नये. बाहेर आलेले मलम स्वच्छ कागदी रुमालाने टिपून तो टाकून द्यावा. घरात सगळ्यांचा पंचा एकच असेल तर रुग्णाचा पंचा आणि उशीचा अभ्रा वेगळा करावा.

चिठ्ठीवर इतर थेंबही असतील तर आधी थेंब घालावेत, पाच ते दहा मिनिटे थांबावे आणि मलम शेवटी घालावे. आधी मलम घातल्यास त्याच्या तेलकट थरामुळे थेंब आत पोहोचत नाहीत. उपचार चालू असताना काजळ, सुरमा, गुलाबपाणी, मध यांपैकी काहीही डोळ्यात जाता कामा नये, मग ते सांगणारी आजी कितीही मायेने सांगत असो.

सहावी पायरी: पुढचे दिवस मोजणे

औषध सुरू केल्यावर पुन्हा डोळा दाखवण्याची तारीख त्याच दिवशी ठरवून घ्यावी. साधारण एक ते दोन आठवड्यांत वरच्या थरातली जखम भरते. आठवडाभरात काहीच फरक नसेल, दुखणे वाढत असेल, बुबुळावर पांढरा डाग दिसू लागला असेल किंवा नजर आणखी मंद झाली असेल, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. दोन-तीन आठवड्यांनंतरही जखम भरत नसेल तेव्हा औषधाची मात्रा वाढवण्याचा मोह अनेकांना होतो. प्रत्यक्षात त्या वेळी कारण बहुधा वेगळे असते. औषधाचाच पृष्ठभागावर झालेला त्रास, संवेदना गेल्याने भरून न येणारी जखम, मूळ निदान चुकलेले असणे किंवा क्वचित औषधाला न जुमानणारा विषाणू, यांपैकी काय आहे हे नेत्रतज्ज्ञच ठरवू शकतात. कधी कधी तर औषध कमी करणे हाच उपाय असतो.

स्टेरॉइडच्या थेंबांविषयी

माझ्या आत्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले तेव्हा उरलेली थेंबांची बाटली तिने जपून ठेवली होती. दोन वर्षांनी डोळा लाल झाला आणि तिने तेच थेंब सुरू केले. पहिले दोन दिवस लाली उतरली, बरे वाटले. त्या थेंबांत स्टेरॉइड होते आणि डोळ्यात हर्पीसची बारीक रेघ होती. स्टेरॉइडने प्रतिकार दाबला गेला, विषाणूला मोकळे रान मिळाले आणि फांदीसारखी जखम नकाशासारखी पसरली. जखम शेवटी भरली, पण बुबुळाच्या मध्यावर फूल पडले ते राहिलेच. ती आता त्या डोळ्याने वर्तमानपत्र वाचू शकत नाही. लाली उतरणे म्हणजे बरे होणे नव्हे, हे मी तेव्हापासून प्रत्येक ग्राहकाला सांगतो, आणि चिठ्ठीशिवाय असे थेंब मागणाऱ्याला, तो कितीही ओळखीचा असला, तरी परत पाठवतो.

हेच औषध मधल्या थराच्या सुजेत डोळा वाचवते, ही गोष्टही तितकीच खरी आहे. अमेरिकेत नव्वदच्या दशकात झालेल्या हर्पेटिक आय डिसीज स्टडी या मोठ्या चाचणीमालिकेत, विषाणूविरोधी थेंबांच्या जोडीने दिलेल्या स्टेरॉइडमुळे स्ट्रोमाची सूज टिकण्याचे वा वाढण्याचे प्रमाण पुष्कळ घटले. तेथे स्टेरॉइड आठवड्या-आठवड्याने कमी करत नेले जाते. बरे वाटले म्हणून ते एकदम बंद केले, तर सूज उसळून परत येते.

पुन्हा पुन्हा होत असेल तर

त्याच मालिकेतल्या, १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७०३ रुग्ण होते. वर्षभर रोज दोनदा ४०० मिलिग्रॅम अॅसायक्लोव्हिरची गोळी घेणाऱ्यांपैकी १९ टक्के रुग्णांत डोळ्याचा आजार उलटला, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ३२ टक्के होते. स्ट्रोमाचा आजार आधी होऊन गेलेल्यांना हा फायदा विशेष महत्त्वाचा ठरतो. गोळी थांबवल्यावर मात्र संरक्षण उरत नाही. म्हणून वर्षातून दोन-तीनदा डोळा उठत असेल, किंवा एकच डोळा चांगला असेल, तर अशा प्रतिबंधक गोळ्यांविषयी डॉक्टरांशी स्वतःहून बोलावे. रोज मलम लावत राहणे हा त्याला पर्याय नाही. दीर्घकाळच्या वापराने कॉर्नियाचा पृष्ठभाग खराब होतो.

शेवटी एक कागद तयार करून ठेवावा. कोणत्या डोळ्याला, कोणत्या महिन्यात, कोणत्या थरात आजार झाला आणि कोणते औषध सोसले किंवा सोसले नाही, हे त्यावर लिहून तो फाइलमध्ये सर्वांत वर लावावा. पुढे मोतीबिंदूचे ऑपरेशन, चष्म्याचा नंबर घालवण्याचे लेझर किंवा नेत्ररोपण ठरले, तर पहिल्याच भेटीत तो सर्जनसमोर ठेवावा, म्हणजे शस्त्रक्रियेच्या आधीपासून विषाणूविरोधी गोळ्या सुरू करायच्या का, हे त्यांना वेळेवर ठरवता येते.